'१३बी' : दुपारी एकच्या मालिकेतलं भय (रहस्यभेद आहे)

निशिगंध

भयपटांचा विषय निघाला की जपानी, कोरियन, हॉलिवूड अशी सगळीकडची नावं येतात आणि विक्रम कुमारचा '१३बी' मागे राहतो. ६ मार्च २००९ ला आला. हिंदी आणि तमिळ ('यावरुम नलम') असा दोन्ही भाषांत एकदमच बनलेला. माधवन दोन्हीकडे आहे, कॅमेरा पी. सी. श्रीराम यांचा. नुकताच पुन्हा पाहिला आणि डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. शेवटासकट सगळं इथे बोलणार आहोत. पाहिला नसेल तर आधी बघून या, मनापासून सांगते.

मनोहर एकत्र कुटुंबासह तेराव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. आई, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, धाकटी बहीण, बायको प्रिया. घर माणसांनी भरलेलं, हसतंखेळतं. आणि सुरुवातीला एकही भूत नाही. लिफ्ट इतरांना घेऊन जाते, तो एकटा आत शिरला की ढिम्म हलत नाही. दूध रोज नासतं. देवाची तसबीर लावायला भिंत खिळा घेत नाही. अंध शेजाऱ्याचा कुत्रा दाराशी येऊन अडतो, आत पाऊल टाकत नाही. ह्यातलं काहीही आपल्याकडे झालं तर आपण काय करू? लिफ्टच्या माणसाला फोन, दूधवाल्याशी वाद, भिंतीत काँक्रीट लागलं असेल म्हणून खिळ्याला दुसरी जागा. भयपट म्हणून बघायला बसलेलो असूनही आपण ही कारणं मनात लावत बसतो, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं असतं.

मोबाइलच्या फोटोचा प्रसंग तर मी थांबवून थांबवून पाहिला. घरात काढलेल्या फोटोत मनोहरचा चेहरा ओढल्यासारखा, वेडावाकडा येतो. बाहेर काढला की नीट. तो आत येतो, काढतो, बाहेर जातो, पुन्हा काढतो. मागे किंकाळी नाही, कुणी झडप घालत नाही. एक शिकलेला माणूस हातातलं यंत्र तपासून बघतोय आणि यंत्रात काही बिघाड नाही हे त्याला कळतंय, एवढंच.

मग दुपारी एकची मालिका, 'सब खैरियत'. घरातल्या बायका तिच्यावर जीव टाकतात. मालिकेतलं कुटुंबही नुकतंच नव्या घरात आलेलं, माणसं तशीच, नाती तशीच. आधी सगळं गोड घडतं. मालिकेतली मुलगी पास होते, इकडे बहीण पास होते. तिकडे सून गरोदर, इकडे प्रिया. हे जुळतंय हे एकट्या मनोहरच्या ध्यानात येतं.

माझ्या मते खरी भीती इथे आहे. टीव्हीत भूत असणं जुनं झालं. पण घरातली सगळी माणसं ज्या पडद्यावर प्रेम करतात तोच पडदा आपल्या घरावर उठलाय हे एकालाच दिसावं, आणि त्याने ते कुणाला सांगायचं? आईला सांगितलं तर ती घाबरेल. बायको गरोदर. म्हणून तो गप्प राहतो, पोलीस मित्राला सांगतो, घरच्यांसमोर हसत राहतो. भरल्या घरात माणूस एकटा पडत जातो, आणि हळूहळू आपल्यालाच शंका यायला लागते की ह्या घराला धोका टीव्हीपासून आहे की मनोहरपासून? मालिकेत खुन्याचा चेहरा त्याचाच दिसतो तेव्हा ती शंका त्यालाही येते. स्वतःच्या हातांना घाबरलेला माधवन बघवत नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः शेवटाबद्दल.


सातारकर_अण्णा

उत्तम लिहिलंय निशिगंधताई. १९७७ चा भाग तुम्ही सोडलात, मला त्यावरच बोलायचं आहे.

त्या फ्लॅटच्या जागी पूर्वी जे घर होतं त्यातली मुलगी चित्रा ही टीव्हीवर बातम्या देणारी. तिच्या नादाला लागलेला एक माणूस जीव देतो आणि पाठोपाठ त्या घरातल्या माणसांचे हातोड्याने खून होतात. ती नटी किंवा गायिका न दाखवता वृत्तनिवेदिका दाखवली, ह्यात लेखकाची समज दिसते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या पिढीने ते दिवस पाहिलेत. एकच चॅनल, कृष्णधवल चित्र, गच्चीवरचा अँटेना फिरवायला एक जण वर आणि "आलं, आलं" ओरडायला एक जण खाली. ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी अख्खी आळी. त्या काळात बातम्या देणारी माणसं घरोघरी ओळखीची झाली. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई केंद्रावर मराठी बातम्या द्यायच्या. लोक त्यांना बातम्यांमुळे ओळखायचे.

सिनेमातली नायिका नायकाकडे बघून बोलते. बातम्या देणारी बाई मात्र थेट तुमच्याकडे बघते, तुम्हाला नमस्कार करते, रोज त्याच वेळेला. इतक्या जवळून, इतक्या नियमाने परक्या बाईने आपल्याकडे पाहणं हे तोवर आपल्या समाजात कधी घडलंच नव्हतं. हजारातल्या एखाद्या कमकुवत मनाच्या माणसाला ते खरं वाटू शकतं. तो वेडा चाहता माझ्या लेखी ह्या सिनेमातला पहिला बळी, आणि त्याला भुताने नव्हे, टीव्हीने धरलं होतं.


केदार_नाशिक

सिनेमा आवडला होता, पण धाग्याशी अर्धाच सहमत.

मालिकेतून येतात ती चित्राच्या घरची मेलेली माणसं, त्यांना खरा खुनी समोर आणायचा आहे, ठीक. मग प्रियाचा गर्भपात कशासाठी? मनोहरच्या घराचा काय दोष? ज्यांच्यावर स्वतः अन्याय झाला ती माणसं दुसऱ्या निष्पाप घराला का छळतील? ह्याचं उत्तर पटकथेत नाही. आणि तंत्रज्ञान इथे फक्त माध्यम आहे. उद्या टीव्हीऐवजी आरसा ठेवला असता तरी गोष्ट चालली असती.


निशिगंध

केदार, गर्भपाताबद्दल तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तो प्रसंग कथेच्या न्यायात बसत नाही आणि बाई म्हणून मला तो बघताना त्रासही झाला.

आरशाचं मात्र अजिबात पटत नाही. आरशात बघायला माणूस एकटा जातो. टीव्ही सगळे मिळून बघतात, ठरलेल्या वेळेला, हातातलं काम टाकून. आई-वहिनी जेवणं आटपून एक वाजायच्या आत बैठकीत येतात, ते ह्या गोष्टीचं हाड आहे. आणि मालिका रोज थोडी थोडी उलगडते. उद्या काय होणार ह्याची ओढ आईला आनंदाने लागते, मुलाला धास्तीने. आरशाला उद्याचा भाग नसतो.


तेजस_इचलकरंजी

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी केबलच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्या बाजूने सांगतो.

सिनेमात मनोहरच्या मित्राच्या घरी त्याच वेळी तेच चॅनल लावतात आणि तिथे भलताच कार्यक्रम दिसतो. थिएटरात माझ्या अंगावर काटा आला होता, कारण हे होऊच शकत नाही हे मला धंद्यामुळे माहीत. तेव्हाची केबल म्हणजे कंट्रोल रूममधून निघालेली एकच वायर, वाटेत अँप्लिफायर, प्रत्येक बिल्डिंगला टॅप, तिथून घराघरात. आम्ही आमचं लोकल चॅनल घालायचो, रात्री सिनेमा लावायचो, गल्लीतल्या दुकानाची जाहिरात चालवायचो, पण जे जाईल ते सगळ्या लाइनला सारखं. एकाच घराला वेगळी मालिका पाठवायची सोयच त्या तारेत नव्हती. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत लागून सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, मग बॉक्सप्रमाणे चॅनल चालू-बंद करता यायला लागली. तरी कार्यक्रम सगळ्यांना तोच.

आता बघा. इंटरनेटवर चालणाऱ्या टीव्हीत माझ्या घरी जे पहिल्या पानावर येतं ते शेजारी येत नाही. एकाच ॲपमध्ये बायकोला वेगळं दिसतं, मला वेगळं. आणि टीव्ही उलट आपल्याकडे बघतो, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १.१ कोटी टीव्हींमधून पडद्यावर सेकंदा-सेकंदाला काय चाललंय ते ग्राहकांना न विचारता गोळा केलं, आणि २०१७ मध्ये तडजोडीत २२ लाख डॉलर भरले. युक्ती साधी आहे. पडद्यावरच्या काही ठिपक्यांचे रंग टिपायचे, ते सर्व्हरवरच्या साठ्याशी जुळवायचे, की चॅनल कुठलं, कार्यक्रम कुठला, सगळं कळतं. डीव्हीडी लावली तरी कळतं.

२००९ मध्ये जे अशक्य म्हणून भीतिदायक होतं ते आता धंद्याची रीत झालंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बघण्याची माहिती पाठवण्याचा पर्याय असतो, बहुतेक 'प्रायव्हसी' किंवा 'अटी' ह्या भागात. तो बंद करता येतो. गिऱ्हाइकांना मी तो बसवतानाच बंद करून देतो.


मृण्मयी_न्यूजर्सी

तेजसदादा, फार उपयोगी प्रतिसाद. आमच्याकडचा आज संध्याकाळीच बघते.

इथे २०१९ च्या डिसेंबरात मिसिसिपीमधली एक बातमी आली होती, ती मला विसरता येत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीत आईने नवा कॅमेरा लावला होता. आई रात्रपाळीला गेली तरी मुलींवर लक्ष राहावं म्हणून. काही दिवसांतच त्यातून परक्या पुरुषाचा आवाज आला. आधी गाणं, मग तो मुलीशी बोलायला लागला, आपण सांताक्लॉज आहोत म्हणाला. ती पोर खोलीच्या मधोमध उभी राहून "कोण आहे" विचारतेय, आणि तो तिला बघतोय. चित्रफीत सगळ्या वाहिन्यांनी दाखवली. मी अर्ध्यावर बंद केली. त्या कॅमेरा कंपनीला २०२३ मध्ये सरकारी आयोगाने ५८ लाख डॉलर भरायला लावले.

जर्मनीने २०१७ मध्ये 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदीच घातली. ब्लूटूथवर चालायची, जवळून जाणारा कुणीही तिच्यातून मुलाचं ऐकू शकेल, मुलाशी बोलू शकेल. तिथल्या यंत्रणेने तिला छुपं हेरगिरीचं साधन ठरवलं आणि आईवडिलांना ती नष्ट करायला सांगितलं. बाहुली मोडून टाका असा सरकारी सल्ला! मुलाच्या हातून लाडकी बाहुली काढून घेणाऱ्या त्या आयांचा विचार मनात येतो.

आमच्या मुलीच्या खोलीतला कॅमेरा आम्ही काढला. आईला पुण्याहून नातीला झोपलेलं बघायची सवय झाली होती. तिला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण आता रोज व्हिडिओ कॉल लावतो, जागेपणी, सगळे समोर असताना.


शुभदा_चिंचवड

मृण्मयी, तुझं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही लिहिते. माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. दुपारी आम्ही दोघंही कामावर, सांभाळायला ताई असतात, पण त्या भाजी आणायला खाली उतरल्या की बाबा दार उघडून निघतात. कॅमेरा दारावर आहे म्हणून ते दोनदा जिन्यातच सापडले. मी तो काढू शकत नाही.

पण बाबांना तो कॅमेरा आवडत नाही. ते त्याच्याकडे बघून थांबतात, विचारतात, "हा कोण आहे?" आम्ही सांगतो, बाबा, तो आम्हीच आहोत. त्यांना पटत नाही. '१३बी' पाहिला तेव्हा मला मनोहरची बाजू कळली होती. आता मला रोज बाबांची बाजू दिसते. घरात काहीतरी बघतंय हे त्यांना कळतंय आणि आम्ही सगळे मिळून त्यांना सांगतोय की काही नाही.

पासवर्ड बदलून ठेवला आहे, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केलं आहे, आणि कॅमेरा फक्त दाराकडे वळवला आहे. खोलीत नाही, बिछान्याकडे तर नाहीच.


निशिगंध

शुभदा, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. कॅमेरा दाराकडे वळवलास हे फार योग्य केलंस.


विराज_सोलापूर

शेवटाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

डॉ. शिंदे म्हणजे सचिन खेडेकर. घरचा डॉक्टर, शांत आवाज, खांद्यावर हात. मराठी प्रेक्षकाला तर तो माणूस चुकूनही संशयित वाटत नाही, आपण त्यांना इतकी वर्षं भल्या भूमिकांत पाहिलंय. तोच १९७७ चा खुनी. मेलेल्या चाहत्याचा भाऊ. खेडेकरांनी चेहरा अगदी थोडा बदललाय, डोळ्यांखालचा भाग फक्त ताठ होतो. मनोहर त्याला संपवतो, घर सुटतं, सगळं सुरळीत. आणि मग लिफ्टमध्ये मनोहरचा मोबाइल वाजतो. पलीकडे मेलेला डॉक्टर शिंदे. ते लोक टीव्हीतून आले होते, मी फोनमधून आलोय, अशा अर्थाचं बोलतो.

२००९ मध्ये हा शेवट लोकांना पुढच्या भागाची सोय वाटला होता. आज बघताना माझा श्वास अडकला, कारण आमच्या ओळखीच्या एका घरात फोनमधून खरंच कुणीतरी आलं. निवृत्त शिक्षिका, घरात मुलगा, सून, नातू. फोनवर 'पोलीस'. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, व्हिडिओ चालू ठेवायचा, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगाल तर त्यांनाही अटक होईल. बाई आतल्या खोलीत, बाहेर सून कुकर लावतेय. दोघींमध्ये एक दार. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यांनी ठेव मोडली.

निशिगंधताई, तुम्ही लिहिलंय की मनोहर घरच्यांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहतो. हे लोक नेमकं तेच हत्यार वापरतात. माणूस घरच्यांच्या काळजीने गप्प बसतो आणि तेवढ्यावर सगळा डाव चालतो. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला ह्याच पद्धतीने खोटी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी व्हिडिओवर दाखवून ७ कोटींना लुटलं. इतका व्यवहारी माणूस! त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांनाही 'मन की बात'मध्ये ह्यावर बोलावं लागलं.

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्या बाईंचे थोडे तरी परत मिळाले ते सुनेने संध्याकाळीच फोन केला म्हणून.


सातारकर_अण्णा

विराज, अगदी आतून लिहिलंत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे वाचून दाखवतो, परवानगी असावी. आमच्या वयाच्या माणसांना पैसे जाण्यापेक्षा 'पोलीस दारात आले तर शेजारी काय म्हणतील' हीच भीती मोठी. ती भीती ओळखूनच हे सावज निवडतात. आम्ही संघात एक ठरवलं आहे : असा फोन आला की काही न बोलता उठायचं आणि फोन घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. एकटं राहणाऱ्यांनी शेजारचं दार वाजवायचं.


विराज_सोलापूर

अण्णा, जरूर वाचून दाखवा. फक्त त्या बाईंची ओळख पटेल असं काही सांगू नका, त्या अजून लोकांत मिसळत नाहीत.


केदार_नाशिक

काल रात्री पुन्हा पाहिला. आरशाचा मुद्दा मागे घेतो असं नाही, पण विराजचा प्रतिसाद वाचल्यावर लिफ्टचा प्रसंग वेगळा दिसला. पूर्ण सिनेमाभर ती लिफ्ट मनोहर एकटा असला की चालत नाही. जणू वाचवतेच आहे त्याला. शेवटी तो लिफ्टमध्ये एकटा असतानाच फोन येतो. हे आधी कधी जोडून बघितलं नव्हतं.


निशिगंध

वा केदार! हे मलाही सुचलं नव्हतं.


पल्लवी_डोंबिवली

सगळा धागा एका बैठकीत वाचला. दोन प्रश्न आहेत. तमिळ बघावा की हिंदी? आणि माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सोबत बसला तर चालेल का? तो भुताखेतांचं बरंच बघतो.


निशिगंध

पल्लवी, सचिन खेडेकर दोन्हीकडे आहेत, पण मी हिंदी सांगेन, पूनम धिल्लनने केलेली त्यातली आई मला जवळची वाटते. तमिळमध्ये आई सरण्या आहेत, त्याही उत्तम. उपशीर्षकं वाचत बघायची तयारी असेल तर दोन्ही बघ.

मुलाला आत्ता नको दाखवूस. भुताखेतांची अडचण नाही. हातोड्याचे खून आणि प्रियाचा प्रसंग त्या वयाला जड जातील, आणि आपल्याच घरच्या माणसाचा खुनी म्हणून चेहरा दिसणं हे मुलांच्या मनात भुतापेक्षा जास्त दिवस राहतं. चौदा-पंधराचा झाला की सोबत बसून बघा.